अमेरिकन फोक रिव्हायव्हल: गाणी बायकांची, नाव कुणाचं?

अनघा_के

गेलं वर्षभर वेळ मिळेल तसं अमेरिकेतल्या फोक रिव्हायव्हलचं, म्हणजे लोकसंगीत पुन्हा लोकप्रिय करणाऱ्या लाटेचं, संगीत ऐकते आहे. साधारण १९४० ते १९६५ हा काळ. त्यावर काहीही वाचायला घ्या, वुडी गथ्री, पीट सीगर, बॉब डिलन अशी पुरुषांची रांग लागते आणि रांगेच्या टोकाला गिटार घेतलेली, अनवाणी जोन बाएझ. पण एकेका गाण्याचा माग काढत मागे गेलं की पुन्हा पुन्हा एखादी बाई भेटते. कुणी घरकाम करणारी, कुणी सुईण, कुणी खाणकामगाराची बायको.

सुरुवातच बघा. इंग्रज लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प १९१६ साली अ‍ॅपलेशियन डोंगरांत गाणी गोळा करायला गेला, पण त्याच्या आधी काही वर्षं ऑलिव्ह डेम कॅम्पबेल तिथे गाणी टिपत हिंडत होती. तिचं काम पाहूनच तो तिकडे वळला. १९१७ च्या पुस्तकावर दोघांची नावं आहेत, तरी लोक 'शार्पचा संग्रह' म्हणून मोकळे होतात. तो चाली लिहायचा आणि शब्द मॉड कार्पेलिस लघुलिपीत उतरवून घ्यायची. हॉट स्प्रिंग्ज गावच्या जेन हिक्स जेंट्री या एकट्या बाईने त्यांना साठाहून जास्त गाणी दिली.

माझं मत असं: बाएझ, ज्युडी कॉलिन्स, मेरी ट्रॅव्हर्स या रिव्हायव्हलचा चेहरा झाल्या. ज्यांच्या घरातून गाणी आली त्या वेगळ्याच, आणि त्यांच्या हाती फार थोडं लागलं. ऐकायलाही मला त्याच आवडतात. बाएझ तिसऱ्या गाण्याला एकसुरी वाटायला लागते. (हाणा आता.)

प्रश्न: ज्याने यातलं काहीच ऐकलेलं नाही त्याला आधी कुणाला ऐकवावं? धाकट्या भावाला यादी करून द्यायची आहे. तो मेटलवाला आहे, तेव्हा जरा जपून.

खटपट्या

तिसऱ्याला कंटाळा येतो तर चौथं लावता कशाला ताई?

बाकी गाताना चपला काढून ठेवते म्हणजे बाई आपल्यापैकीच. वाचनखूण साठवली.

चार्ल्सकाठचा

बाएझच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं, मी राहतो. ऑफिस केंब्रिजमध्ये असल्यामुळे हार्वर्ड स्क्वेअरमधल्या 'पासिम' या गाण्याच्या क्लबवरून नेहमी जाणं-येणं होतं. हा जुन्या क्लब ४७ चाच वारस. मूळ जागा माउंट ऑबर्न स्ट्रीटवर ४७ नंबरला होती. १९५८ साली जॅझसाठी काढलेलं कॉफीहाउस, आणि त्याच वर्षी सतरा वर्षांची बाएझ तिथे गायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायक बॉब गिब्सनने तिला स्वतःच्या कार्यक्रमात पाहुणी म्हणून बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी ती 'नाव' झाली होती.

कोलंबियासारखी बडी कंपनी तयार असताना तिने व्हॅनगार्ड ही छोटी कंपनी निवडली. १९६० चा पहिला अल्बम न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या बॉलरूममध्ये ध्वनिमुद्रित झाला. बुधवारी तिथे बिंगो असायचा म्हणून बुधवारी काम बंद. नोव्हेंबर १९६२ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर. वय एकवीस.

या नावाचं तिने काय केलं तेही बघा. टीव्हीवरच्या 'हूटनॅनी' कार्यक्रमाने पीट सीगरला कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत असल्यामुळे बाहेर ठेवलं, तर ही गेलीच नाही. १९६४ मध्ये लष्करावर खर्च होतो म्हणून ६० टक्के आयकर भरायला नकार दिला. डिलनला फारसं कुणी ओळखत नव्हतं तेव्हा आपल्या भरलेल्या सभागृहांत त्याला बोलावून गायला लावलं. अनघाताई, तुम्ही ज्या आज्या शोधून काढता आहात त्यांच्या रेकॉर्डी विकत घेणारा वर्ग कुठून आला? बाएझ ऐकून 'हे गाणं मूळ कुणाचं' असं विचारणाऱ्या पोरापोरींतूनच ना?

अनघा_के

आयकराला माझा दंडवत. पण मी गाण्याबद्दल बोलत होते. चांगलं वागणं आणि चांगलं गाणं ही दोन खाती वेगळी ठेवू या.

शनिवारपेठी

मला या धाग्यातली मूळ वाटणीच पटत नाही. एका बाजूला 'अस्सल' आज्या, दुसऱ्या बाजूला गोड गळ्याच्या कॉलेजकन्या. मग ओडेटा कुठे बसवणार?

जन्म १९३० चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. सहाव्या वर्षी लॉस एंजेलिसला आली. तेराव्या वर्षापासून ऑपेरा पद्धतीचं रीतसर शिक्षण. संगीत नाटकाच्या दौऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि तिथे लोकगीतं सापडली. तुरुंगातल्या कैद्यांची, रेल्वेचे रूळ टाकणाऱ्यांची गाणी तिला आजीकडून मिळालेली नाहीत, ती तिने रेकॉर्डी आणि पुस्तकांतून शिकून घेतली. म्हणजे तुमच्या हिशोबाने ती 'चेहरा' गटातली. पण ऐका तरी! दगड फोडणाऱ्यांची गाणी म्हणताना प्रत्येक घणाला ती गिटारीच्या तारांवर अशी थाप देते की आपण दचकतो. आतला संताप त्या गाण्यांतून बाहेर काढता आला असं ती स्वतः सांगायची. पन्नाशीच्या दशकात काळ्या बाईने केस सरळ न करता आहेत तसे ठेवून रंगमंचावर येणं हेही त्यातलंच.

१९५६ चा तिचा पहिला एकल अल्बम ऐकून एका पोराने इलेक्ट्रिक गिटार देऊन साधी गिटार घेतली. त्याचं नाव बॉब डिलन. हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे.

तेव्हा गाणं कुठून आलं यापेक्षा गाणारीने त्याचं काय केलं ते बघावं. यादीत ओडेटा पहिली. आणि मेटलवाल्या भावाला तर तीच.

खटपट्या

घण म्हटल्यावर मेटल आलंच.

उलटी_गिटार

माझा आवडता विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. (पासवर्ड विसरलो होतो, नवा केला. यावरून प्रेम समजून घ्या.)

एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३ च्या आसपास, नॉर्थ कॅरोलायना. डावखुरी. लहानपणी भावाचा बँजो चोरून वाजवायची, मग लोकांच्या घरी काम करून साठवलेल्या पैशांतून ३ डॉलर ७५ सेंटची गिटार घेतली. गिटार उजव्या हाताच्या वादकासाठी तारा लावलेली. हिने तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आणि बारीक तारा वर. आपण सगळे अंगठ्याने खर्ज आणि बोटांनी चाल वाजवतो, कॉटनबाई बोटांनी खर्ज आणि अंगठ्याने चाल वाजवायच्या. गिटारवाले या पद्धतीला आज त्यांच्याच नावाने ओळखतात. सरळ गिटारवर ती नक्कल करता येते पण तो झोल येत नाही, कारण अंगठ्याचा आघात मुळातच जड असतो आणि इथे तो चालीवर पडतो. बसून बघा, बोटांची गाठ होते.

'फ्रेट ट्रेन' हे गाणं त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या असताना रचलं. पुढे लग्न झालं, चर्चमधल्या मंडळींनी असली गाणी बरी नव्हेत म्हणून सांगितलं, गिटार सुटली ती जवळजवळ चाळीस वर्षं. वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात विक्रेतीचं काम करताना एक हरवलेली मुलगी त्यांना सापडली, ती त्यांनी आईच्या हवाली केली. आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, मुलगी पेगी सीगर. त्या घरात बाई स्वयंपाकपाणी करायला लागल्या आणि भिंतीवर टांगलेली गिटार कधीतरी परत हातात आली. पेगीचा भाऊ माइक याने घरातल्या घरातच ध्वनिमुद्रण केलं आणि १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने पहिला अल्बम काढला. वय पासष्टच्या घरात. ग्रॅमी मिळालं तेव्हा नव्वदी उलटली होती.

@शनिवारपेठी, ओडेटाबद्दल मान्य. पण कॉटनबाईंना 'मूळ स्रोत' म्हणणंही अन्यायच आहे. बाईंनी ते गाणं रचलं होतं. त्या संगीतकार होत्या.

लंडनची_पावसाळी

वरच्या प्रतिसादात पैशांची गोष्ट राहिली. पेगी सीगर इंग्लंडला आली तेव्हा 'फ्रेट ट्रेन' सोबत घेऊन आली. इथे स्किफलचं, म्हणजे साध्यासुध्या वाद्यांवर झटपट वाजवायच्या लोकसंगीताचं, वेड होतं. १९५७ मध्ये चॅस मॅकडेव्हिट आणि नॅन्सी व्हिस्की यांनी ते गायलं आणि ते तुफान चाललं. रेकॉर्डीवर रचनाकार म्हणून दोन भलत्याच पुरुषांची नावं. सीगर कुटुंबाने भांडून कॉटनबाईंचं नाव पुढे परत मिळवलं.

इथल्या शर्ली कॉलिन्सची गोष्ट तर अनघाच्या मुद्द्यासाठीच बनवल्यासारखी आहे. ससेक्सची मुलगी. १९५९ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहकाबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेत गाणी ध्वनिमुद्रित करायला गेली. व्हर्जिनिया, अलाबामा, मिसिसिपी, आर्कान्सा. मिसिसिपीत फ्रेड मॅकडॉवेल हा शेतकरी ब्लूजवाला पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला तो याच दौऱ्यात, आणि आर्कान्सात अल्मेडा रिडल या आजीबाईंचीही गाणी त्यांनी टिपली. शर्ली यंत्रं सांभाळायची, नोंदी ठेवायची, आणि घरातल्या बायका तिच्यापाशी मोकळ्या व्हायच्या. पुढे लोमॅक्सने दक्षिणेतल्या आपल्या प्रवासांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात ही कशी येते? एक इंग्लिश गायिका सोबत होती, बस. शेवटी २००४ मध्ये तिने स्वतःच पुस्तक लिहून आपली बाजू मांडली.

मधल्या काळात तिचा आवाज गेला होता. गायला उभी राहिली की गळा साथ देईना, गाणं सुटलं. २०१६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षानंतर, जवळजवळ चार दशकांनी नवा अल्बम आला. आवाज खाली उतरलेला, जाडसर. मला तरुणपणीच्यापेक्षा हाच जास्त आवडतो.

चिकूवाडी

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचं पण

चिकूवाडी

वरचा प्रतिसाद अर्धवट गेला. म्हणायचं होतं, ओव्यांवरही बोलायला हवं.

खटपट्या

अर्धवटच बरा होता. ओव्यांचा वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील आणि कॉटनबाई पुन्हा मागे पडतील.

गोदाकाठ

मला यातलं काही कळत नाही, पण एक विचारतो. 'जुर्म' मधलं 'जब कोई बात बिगड जाए' हे कुठल्याशा इंग्रजी लोकगीतावरून आहे म्हणतात, ते याच काळातलं का?

उलटी_गिटार

होय काका, '५०० माइल्स'. लोकांना वाटतं ते पीटर, पॉल अँड मेरीचं, कारण १९६२ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममुळे ते जगभर गेलं. पण त्याला आज आहे तो आकार हेडी वेस्टने दिला आणि हक्कही तिच्याच नावावर नोंदवले गेले. जॉर्जियातली मुलगी, बँजो वाजवायची. गाणी आजीकडून, लिली वेस्टकडून आलेली. वडील डॉन वेस्ट कवी आणि कामगार चळवळीतले. टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कामगार-कार्यकर्त्यांच्या शाळेच्या संस्थापकांपैकी एक.

हेडीचा आवाज ऐका, कोरडा, जराही लाडिक नाही. मेरी ट्रॅव्हर्सने गायल्यावर घरची आठवण येते. हेडी गाते तेव्हा खिशात परतीचं भाडं नाही हे कळतं.

गोदाकाठ

ऐकलं. राजेश रोशनने बरंच तूप सोडलं की यात!

मुक्ता_र

हायलँडरचं नाव निघालं म्हणून लिहिते. इथल्या प्रत्येकाने शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हटलेलं असणार. प्रार्थनेनंतर, उन्हात उभं राहून. गिरिजाकुमार माथुरांचा अनुवाद. मूळ 'वी शॅल ओव्हरकम', आणि त्याचं नाव काढलं की पीट सीगर किंवा बाएझ. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात बाएझने ते गायलं, ते चित्रण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. (त्याच मोर्चात ओडेटाही गायली होती.)

आता मागे चला. दक्षिण कॅरोलायनातलं चार्ल्सटन, १९४५-४६ चा हिवाळा. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगार कारखान्यात संप. संपावर बहुतेक काळ्या बायका. त्यांच्यातली ल्युसिल सिमन्स दिवसभराचा पहारा संपला की हे चर्चमधलं गाणं अगदी संथ लयीत धरायची. या बायकांकडून ते झिल्फिया हॉर्टनपर्यंत पोचलं. झिल्फिया हायलँडरमध्ये संगीताचं बघायची, अ‍ॅकॉर्डियन वाजवायची, कामगारांकडून गाणी घ्यायची आणि दुसऱ्या कामगारांना द्यायची. १९४७ मध्ये तिने ते पीट सीगरला शिकवलं. १९५६ मध्ये ती गेली, चाळिशीतच. पुढे गाय कॅरावनने ते विद्यार्थी चळवळीत नेलं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला गाण्याचे हक्क नोंदवले गेले, त्यात नावं होती झिल्फिया, सीगर, कॅरावन आणि फ्रँक हॅमिल्टन. येणारे पैसे हायलँडरमार्फत दक्षिणेतल्या कामासाठी जावेत अशी सोय केली होती, म्हणजे कुणी खिशात घातले नाहीत, हे आधीच सांगते. पण ल्युसिल सिमन्सचं नाव त्या कागदावर नाही. २०१८ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनंतर गाणं सगळ्यांसाठी खुलं झालं. तिचं नाव यायचं ते राहूनच गेलं.

चार्ल्सकाठचा

मुक्ता, सुंदर प्रतिसाद. पण हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे. सिमन्सकडून झिल्फिया, तिच्याकडून सीगर, आणि मोर्चात बाएझ. या साखळीतली एक कडी काढली असती तर नाशिकच्या शाळेत ते गाणं पोचलं असतं का?

मुक्ता_र

नसतं पोचलं. आणि कड्या कितीही असल्या तरी पहिल्या कडीचं नाव लिहायला कागदावर जागा होती.

बिनबुडाचा_तबला

मी विशीतला आहे, मला शिव्या घालू नका. मोबी या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या १९९९ च्या अल्बममधलं 'नॅचरल ब्लूज' माहीत होतं. त्यात जो बाईचा आवाज घातलाय तो व्हेरा हॉलचा हे आता कळलं. अलाबामातल्या लिव्हिंग्स्टनची, स्वयंपाक आणि कपडे धुण्याची कामं करायची, १९६४ मध्ये गेली. मूळ गाण्यात वाद्य एकही नाही. मोबीने खालून ठोका दिलाय म्हणून आपण मान डोलावतो. नुसती ती ऐकली तर मान हलत नाही, गप्प बसून ऐकावं लागतं.

शनिवारपेठी

वा. विशीतला असून माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला खोडलास.

तरी एक गोष्ट कुणी बोललं नाही. गोळा करणाऱ्यांना बायकाच का सापडल्या? कारण ते शोधत होते लांबलचक कथागीतं, विनावाद्य, घरात म्हटली जाणारी. शार्पला तर इंग्लंडमधून आलेलंच हवं होतं. म्हणून त्याने डोंगरातल्या काळ्या गायकांकडे जवळजवळ पाहिलंच नाही. म्हणजे 'गाणी बायकांची' हे चित्रही गोळा करणाऱ्यांच्या आवडीनिवडीतूनच घडलंय. त्यात अजून किती जणी सुटल्या असतील, कोण सांगणार.

लंडनची_पावसाळी

हे महत्त्वाचं आहे. आणि स्वतःच्या घरचं गाणं स्वतःच मांडणारीही होती की! जीन रिची. केंटकीतल्या व्हायपर गावची, चौदा भावंडांत शेंडेफळ. तिच्या थोरल्या बहिणींनी शार्पसाठी गायलेलं. ही शिकली, १९४६ मध्ये पदवी घेतली, न्यूयॉर्कला समाजसेवेच्या नोकरीवर गेली आणि मुलांना रमवायला घरची गाणी म्हणायला लागली. मांडीवर डल्सिमर, म्हणजे एक तंतुवाद्य. ते वाद्य अमेरिकेत पुन्हा रुजलं त्यात तिचा वाटा सर्वांत मोठा. १९५२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ब्रिटन-आयर्लंडला आली, आपल्या घरातली गाणी मुळात कुठून निघाली ते शोधायला. म्हणजे गाणारीही तीच, अभ्यासकही तीच.

तरीही ऐका गंमत. कोळसा खाणींनी डोंगर उकरले त्यावर तिने गाणी लिहिली, पण काही गाणी 'थॅन हॉल' या पुरुषी नावाने छापली. आजोबांचं नाव. आईला राजकारणाचा त्रास नको, आणि पुरुषाचं म्हटलं की लोक जास्त मनावर घेतील, हा हिशोब. त्यातलं रेल्वेवरचं गाणं पुढे जॉनी कॅशने गायलं.

अनघा_के

थॅन हॉलची गोष्ट वाचून हात कपाळावर गेला.

शनिवारपेठी, वाटणीबद्दलचा तुमचा आक्षेप मला पटतोय, विशेषतः जीन रिचीमुळे. 'घरातली' आणि 'रंगमंचावरची' ही रेघ तिच्या बाबतीत कुठे मारायची? कागदावर नाव कुणाचं, हा माझा मुद्दा मात्र मुक्ता आणि पावसाळीमुळे आणखी घट्ट झालाय. आणि बाएझ मला अजूनही एकसुरीच वाटते.

भावासाठीची यादी या क्रमाने:

ओडेटाचा १९५६ चा अल्बम, मोठ्या आवाजात. मग व्हेरा हॉल, आधी मोबी नको. कॉटनबाईंचा १९५८ चा. हेडी वेस्टचं '५०० माइल्स', आणि लगेच कुमार सानूचं, म्हणजे घरात भांडण होईल. जीन रिची. शेवटी म्हाताऱ्या शर्लीचा २०१६ चा.

चार्ल्सकाठचा

बाएझ नाहीच?

अनघा_के

पहिल्या अल्बममधली दोन गाणी घालते. तिसऱ्याची जबाबदारी तुमची.

उलटी_गिटार

यादीत रॉनी गिल्बर्टही हवी. द वीव्हर्स या गायकगटात तीन पुरुषांच्या आवाजांवरून जाणारा तो खणखणीत आवाज तिचा. १९५० मध्ये 'गुडनाइट आयरीन' तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर, मग कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत, कार्यक्रम बंद. १९५५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कार्नेगी हॉलमध्ये परतले, ती मैफल उपलब्ध आहे. प्रेक्षकांचा आवाज ऐका, सभागृह फुटायचं बाकी आहे.

लंडनची_पावसाळी

आणि स्कॉटलंडची जीनी रॉबर्टसन? अबर्डीनची, भटक्या समाजातली. १९५३ मध्ये हॅमिश हेंडरसन तिच्या दारात पोचला तेव्हापासून

अनघा_के

ब्रिटन-आयर्लंडचा धागा तू काढ. जीनी, अ‍ॅन ब्रिग्ज, मार्गारेट बॅरी सगळ्या तिकडे घे. मी पहिला प्रतिसाद द्यायला येते.

बिनबुडाचा_तबला

मेटलवाल्या भावाने काय म्हटलं ते कळवा.

अनघा_के

ओडेटा दोनदा लावली. दुसऱ्यांदा माझे हेडफोन घेऊन गेला, अजून परत दिलेले नाहीत. जीन रिचीला मात्र 'हे फार बारीक आहे' म्हणाला.

उलटी_गिटार

बारीक? डल्सिमर मांडीवर ठेवून वाजवायचं वाद्य आहे, हेडफोनचा आवाज वाढव म्हणावं.